शेंदराखालचे आकडे

गाडीखाली उताणा पडून अर्धा तास मी आकडे शोधून राह्यलो होतो आणि ते काही सापडत नव्हते.

मी जालन्याचा मोटार सर्व्हेअर, गाड्या तपासून रिपोर्ट देणारा. नव्वदीतली गोष्ट. मंठ्याच्या पाटलांकडं हैदराबादहून आणलेली अमेरिकन गाडी होती. दोन दारं, आठ सिलिंडर, नुसती ताकद. ती घ्यायला पुण्याचं गिऱ्हाईक आल्तं. अट एकच, गिअरबॉक्स कंपनीतून आलेला, मूळचाच पाहिजे. असल्या गाड्यांच्या गिअरबॉक्सवर कंपनी चेसिस नंबरचे शेवटचे आकडे ठोकायची. ते जुळले की गिअरबॉक्स त्याच गाडीचा.

न्हाई जुळले, तर बट्टा किसनमामांना लागणार होता. हे पाटलांचे मिस्त्री. गाडी आली तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणी पाना लावला नव्हता. मूळचा गिअरबॉक्स गेला असंल, तर तो विकला कुणी?

"मामा, हा कधी उतरवला होता?" मी खालूनच विचारलं.

"दोनदा. दोन्ही डाव मीच. पण बदलला न्हाई साहेब, बिलकुल न्हाई."

"सगळे असंच सांगतात," गिऱ्हाईक म्हणालं.

पाटील मामांकडं बघतही नव्हते, त्याचं मला वाईट वाटलं.

बाकी सगळं चाचपून झालं, उरली एकच जागा, तिच्यावर शेंदराचा जाड थर होता. मी वायर ब्रश काढला, तसा मामांनी माझा हात धरला. "तिथं न्हाई साहेब. खंडेनवमीला तिथं पूजा करतो मी."

खोटं कशाला बोलू, म्हातारा चोर हाय अशी माझी खात्रीच पटली. मी चिडलो. "लपवायचं काय हाय, मामा?"

मामा उठले. हात धुतले, गाडीला नमस्कार केला, खाली आले आणि बांबूच्या चिपाटीनं थर हळूहळू सोडवला. बाकी गिअरबॉक्सवर ऑइल-मातीचं कवच, पण इथं शेंदरानं जपलेले आकडे लख्ख. मी चेसिसशी दोनदा पडताळले. सगळे बराबर जुळले.

"पूजा ह्याच जागी का?"

"कंपनीवाल्यानं तिचं नाव तिथं लिहलंय, साहेब. टिळा कपाळालाच लावतेत ना?"

काय माणूस! मी माफी मागितली. पाटलांनी उठून मामांचा ग्रीसनं भरलेला हात दोन्ही हातांत घेतला, आणि बराच वेळ सोडला न्हाई. गाडी पुण्याला गेली.

आकडे वाचल्याशिवाय गाडीचा रिपोर्ट लिहायचा नसतो, हे मला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं. माणसाचाही लिहू नये, हे मंठ्यात कळलं.