चुकीच्या दिवशी काढलेली रजा

देव आहे यावर माझा विश्वास होता. तो आपल्या कामात लक्ष घालतो यावर नव्हता. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या घरात रोज दत्तापुढे उदबत्ती लावायचो, पण मागायचो काही नाही. एका औषध कंपनीत अहवालांतले आकडे ताडून पाहणं ही माझी नोकरी. जुळलं नाही ते चूक, इतकं सरळ.

२००६ साली शेजारच्या टेबलावरच्या पार्कने माझ्याकडे एक फाइल आणली. तो मूळचा दक्षिण कोरियाचा. उत्तर कोरियातून पळून आलेल्या एका बाईंना त्याच्या चर्चने आसरा दिला होता आणि त्यांनी इथे राहण्यासाठी आश्रयाचा अर्ज केला होता. पण नदी ओलांडून देश सोडल्याची तारीख पहिल्या जबानीत नऊ फेब्रुवारी होती, दुसरीत अकरा मार्च. आठवड्यात पटणारा खुलासा दिला नाही तर अर्ज फेटाळला जाणार होता. परत पाठवलं गेलं तर तिकडची सक्तमजुरीची छावणी ठरलेली. पार्क म्हणाला, तू सगळ्यांच्या चुका पकडतोस, एकदा बघ.

तीन दिवस बघितलं. खरं सांगतो, माझाही संशय बळावला. जीव मुठीत धरून घर सोडल्याचा दिवस माणूस विसरेल कसा? त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा मी दत्ताला म्हटलं, मला यातलं काही समजत नाही, आता तुम्हीच बघा.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या श्राद्धासाठी मी रजा घेतली होती. पार्कला म्हटलं होतं, बाईंना घरीच घेऊन ये. ते दोघे आले तेव्हा बायको फोनवर देवळातल्या गुरुजींना वेळ विचारत होती. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"अहो, तिथी उद्या आहे."

मी म्हटलं, भारताच्या एक दिवस आधी, असा हिशेब धरला मी.

"दर वेळी तसं नसतं, गुरुजी सांगतायत. ऑफिसात जगाच्या चुका काढता, आणि मामंजींची तिथी चुकवता? आता भिजवलेल्या डाळीचं काय करू?"

पाहुण्यांसमोर माझे कान लाल झाले. बाईंनी पार्कला विचारलं, भांडण कशाचं? त्याने सांगितलं, यांच्या वडिलांचा दिवस चंद्रावर ठरतो, म्हणून दर वर्षी तारीख बदलते, आणि या वर्षी हे चुकले. बाई तोंडावर हात धरून हसू लागल्या. मग बराच वेळ बोलल्या. पार्क सांगू लागला, "त्या म्हणतात, त्यांच्या आईचा दिवसही गावात चंद्रावरच पाळतात. आईपुढे भात ठेवला आणि तीन दिवसांनी त्या नदीकडे निघाल्या."

मी विचारलं, आईचा दिवस कुठला?

"दुसऱ्या महिन्याची सहा."

म्हणजे निघाल्या नऊला. पण तो दुसरा महिना चांद्र होता. दुभाष्याने सरळ फेब्रुवारी लिहिला होता. अकरा मार्च ही तारीख त्यांनी, नदी ओलांडून त्याच दिवशी चीनमध्ये लपल्या त्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहिली होती. इंटरनेटवरून त्या वर्षाचा चांद्र तक्ता काढला. दोन्ही एकच दिवस निघाले. तीनदा ताडून पाहिलं. बायकोने तोवर सगळ्यांना चहा दिला, आणि भिजलेल्या डाळीचे वडे.

वकिलांनी तो तक्ता जोडून खुलासा दिला. उन्हाळ्यात मंजुरीचं पत्र आलं. पार्क ऑफिसात उभ्यानेच ते वाचत होता आणि त्याला चष्मा पुन्हा पुन्हा पुसावा लागत होता.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. दुभाष्याची चूक होती, ती सापडली. पण ती मी शोधली असं म्हणायला जीभ रेटत नाही. माझी अक्कल तीन दिवस चालली तेव्हा मी एका खऱ्या बाईला खोटी ठरवत होतो. जे साधलं ते माझ्या हातून हिशेब सुटला तेव्हा. आता मी माझं काम चोख करतो आणि पुढचं दत्तावर सोपवतो. झोपही बरी लागते.

बाईंनी आता भाड्याची खोली घेतली आहे. देश सोडल्यापासून पहिल्यांदाच आईचा दिवस तिथे उघडपणे करणार, आम्ही दोघांनी यायचंच, असा निरोप पार्ककडून आला. नेमका कधी, ते मी विचारलं नाही. म्हटलं, त्या बोलावतील तेव्हा येतो.