कोपर कुणाचं?

आमच्या शेजारच्या फ्रेमवाल्यांचं सगळं मापात. बोलणं मापात, हसणं मापात. शिंकसुद्धा मोजपट्टी लावून देत असतील, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची. रागावायचे नाहीत. रागही मापातच.

बायको लवकर गेली. मागे थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. दोघांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगाव्यात तर पुस्तक उघडलं की धाकट्याला जांभया. मग फ्रेमवाल्यांनी धंद्यातलाच मार्ग काढला. गिऱ्हाइकांनी न्यायची राहिलेली, डागाळलेली धार्मिक चित्रं घरी आणली आणि उरल्यासुरल्या फ्रेमांत घालून मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला टांगली. संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघांना समोर बसवून एकच प्रश्न, काय दिसतंय? मुलांनी दिसेल ते सांगायचं, मग ते गोष्ट सांगायचे. मी चहाचा कप घेऊन दारात. महापुरातली नाव, सिंहांच्या खड्ड्यातला माणूस, माझं सगळं धर्मज्ञान त्या दारातलं.

आता फुकटच्या चित्राला नवी फ्रेम कोण करणार? चित्र मोठं असलं की ते कडेनं कापायचे. उधळ्या मुलाचं चित्र असंच कापलेलं होतं. वाटणी घेऊन गेलेला, सगळं फुंकून फाटक्या कपड्यांत परतलेला मुलगा, त्याला मिठी मारणारा म्हातारा बाप, आणि उजव्या कडेला नुसतं एक कोपर.

‘‘बाबा, हे कोपर कुणाचं?’’ थोरलीनं विचारलं होतं.

‘‘असेल कुणी नोकर,’’ म्हणाले आणि मुलगा परतला म्हणून बापानं दिलेल्या मेजवानीपाशी गोष्ट संपवली.

पुढे धाकटा दुकानाला कंटाळून जो गेला तो नऊ वर्षं ना चिठ्ठी ना चपाटी. काच कापायला थोरली बसली. दहा बोटांतल्या चारांना कायम पट्ट्या. स्थळं आली, पण दुकान कोण बघणार, इथं घोडं अडायचं. आणि एक दिवस धाकटा बायको-मुलीला घेऊन हजर. फ्रेमवाले एका पायात चप्पल घालून रस्त्यावर धावले. सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं. थोरली वाढत होती. माझ्या जिभेला हाड नाही. भर पंगतीत मी म्हटलं, ‘‘ताई, चित्रातलं ते कोपर म्हणजे तूच गं!’’

गल्ली हसली. फ्रेमवालेही हसले, मापात. थोरली हसली आणि पाण्याचं भांडं घेऊन आत गेली.

महिन्याभरात तिनं दूरच्या शहरात नोकरी धरली. दुकानाला आता माणूस आहे, एवढंच म्हणाली.

नात पाच वर्षांची झाली, तसं तिलाही आजोबांनी चित्रासमोर बसवलं. तिला पहिल्यांदा कोपरच दिसलं. नोकर म्हटल्यावर तिचं समाधान होईना. काच काढा, मला अख्खा माणूस बघायचाय. हट्टापुढे आजोबा हरले. मागचा पुठ्ठा काढला, तर आत घडी करून खुपसलेली पट्टी. चित्र सैल पडू नये म्हणून कापलेला तुकडा मागे कोंबायची त्यांची सवयच होती. घडी उलगडली. पट्टीवर शेतावरून आलेला, उधळ्या मुलाचा थोरला भाऊ दाराबाहेर उभा होता.

पुढची गोष्ट त्यांना पाठ होती. थोरला घरात यायला नाही म्हणतो, आणि बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची मनधरणी करतो. चित्रात नव्हतं, म्हणून इतकी वर्षं ते सांगितलंच नव्हतं.

त्यांनी पट्टी चिकटवली, रुंद फ्रेम केली आणि थोरलीकडे निघाले. मीही गेले, माझंही तोंड तिथं धुऊन निघायला हवं होतं. पण माफीबिफी तिनं मला मागूच दिली नाही, हातात कप दिला. चित्रावरून अंगठा फिरवला. जोड दिसतोय, म्हणाली. कारागिराची लेक.

फ्रेमवाले उभेच होते. शास्त्रातल्या बापाचं वाक्य त्यांनी शाळेतल्या पोरासारखं म्हटलं, ‘‘बाळा, तू तर सदा माझ्याजवळच आहेस.’’

‘‘होते, बाबा,’’ ती म्हणाली.

भाड्याच्या खोलीत खिळा ठोकू देत नाहीत, म्हणून चित्र आम्ही परत आणलं. ते पुन्हा नातीसमोर टांगलंय. आजोबा आता गोष्ट कोपरापासून सुरू करतात. मी कप घेऊन दारात असते, पण मध्ये बोलत नाही.