झावळ्यांच्या पेटीतली वही

मालवणच्या आजूबाजूच्या निम्म्या ख्रिस्ती घरांत रुफीबायची अक्षरं भिंतींवर लटकलेली आहेत आणि त्यातल्या एकाही ओळीखाली तिचं नाव नाही. मेलेल्यांच्या फोटोखालच्या चार ओळी, लग्नपत्रिकेतली कविता, चर्चच्या सणाचं आमंत्रण, निवृत्त होणाऱ्या बाईंचं मानपत्र, नाताळचं नाटुकलं. सगळं तिनं लिहिलं, सगळं मी टाईप केलं. एस.टी. स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मी मुनिरा. मला राग लवकर येतो असं गिऱ्हाइकं म्हणतात. येतो. काउंटरमागे वीस वर्षं बसून मी जे बघितलं ते बघून ज्याला राग येत नाही, त्याची तब्येत तपासून घ्यावी.

कागदोपत्री ती रुफिना आल्मेडा, वय एक्कावन्न. माहेर शिरोड्याचं. बापाची बेकरी होती. पाव बांधायला रद्दी यायची, त्यातली वर्तमानपत्रं ही पोर आधी वाचून काढायची आणि मगच पाव बांधायची. अर्धवट बातम्यांचा शेवट स्वतःच्या मनानं करायची सवय तिला तिथेच लागली. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या बाजूच्या वाडीत आली. नवरा कायतान बर्फाच्या कारखान्यात मॅनेजर आणि चर्चच्या समितीचा सचिव. घरात सासू. दोन मुलं झाली, मोठी झाली, लेक लग्न होऊन वसईला आणि मुलगा आखातात गेला.

कायतान वाईट माणूस नाही, आणि सगळं अवघड तिथेच होतं. दारू नाही, हात उगारणं नाही, रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी चुकवला नाही. बायको लिहिते ह्याचा त्याला अभिमानसुद्धा होता. फक्त तिनं काय लिहायचं हे त्याचं ठरलेलं होतं. चर्चसाठी लिहिलं तर ती देवाची देणगी, आणि स्वतःसाठी लिहिलं तर रिकामपणाचे उद्योग. चर्चचं लिखाणही सचिवाच्या नावावर जायचं, कारण खाली सही सचिवाची असते. रुफीबायला एकदा मी म्हटलं, "पोरां तू जन्माक घालतंस आणि बारसा त्येचा." ती हसली. तिला हसण्याची वाईट खोड होती.

चौदा वर्षांपूर्वी तिची एक कथा एका दिवाळी अंकात छापून आली होती. बंदरावर बर्फ फोडणाऱ्या बाईची. अंक घरी आला, सासूनं कायतानकडून वाचून घेतला आणि विचारलं, "ह्यात सायबीण खंय आसा? जपमाळ खंय आसा? आमच्या घरातली बाई लिवता आणि देवाचां नाव नाय?" झालं. येशूच्या आईचं, सायबिणीचं, नाव नव्हतं म्हणून पुढची तीन वर्षं तिनं फक्त श्रद्धांजल्या लिहिल्या.

तिची स्वतःची श्रद्धा कुणापेक्षा कमी नव्हती, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर लोकांना वाटेल की बाई देवाला कंटाळली होती. संध्याकाळची तेर्स, म्हणजे सगळ्यांनी गुडघे टेकून म्हणायची जपमाळेची प्रार्थना, ती स्वतः चालवायची. लिहायला बसण्याआधी पानाच्या कोपऱ्यात पेनानं बारीक क्रूस काढायची. देवानं हाताला हे दिलंय, तर हिशेबाच्या दिवशी तो विचारणारच की तू ह्याचं काय केलंस, ह्याची तिला खरोखर भीती वाटायची. पापकबुलीत तिनं एकदा फादरना विचारलंही होतं की, घरच्यांपासून लपवून लिहिणं हे पाप का? फादर भले माणूस. म्हणाले, "लिही, पण घर सांभाळून लिही." ह्या ‘पण’ला काही धर्म नसतो. आमच्यातही आहे, शेजारच्या आनंदीबाईंच्या देव्हाऱ्यातही आहे.

तर ती घर सांभाळून लिहीत राहिली. दुपारी दोन ते चार. सासूची पेज झाली, ती आडवी झाली, कायतान कारखान्यावर, की ही ओट्यावर पाट उभा करून त्याच्यावर वही ठेवायची. बाहेर फाटकाची कडी वाजली की वही पीठ चाळायच्या चाळणीखाली. अकरा वर्षांत तिनं अशी एक कादंबरी लिहिली. दोन जाड वह्या, एकात एक शिवलेल्या.

कादंबरी कायतानच्या बहिणीवर होती. लुईजाबाय. ती लुईजाबाय तरुणपणी एका कुळवाड्याच्या मुलाच्या प्रेमात पडली, आणि घरच्यांनी तिला पंधरा दिवसांत कॉन्व्हेंटात पोचती केली. वाडीत सांगितलं, पोरीला देवाची हाक आली. चाळीस वर्षं सगळे तेच म्हणतात. लुईजाबाय नन झाली, म्हातारी झाली, आजारी पडून दोन महिने भावाकडे राहायला आली, आणि त्या दुपारच्या दोन ते चारमध्ये तिनं सगळं भावजयीला सांगितलं. वर म्हणाली, "लिव गो. माझां नाव घातलंस तरी चलात. माका हाक कोणाची इली होती तां एकदा कोणीतरी लिवक होयां." त्यानंतर वर्षभरात ती गेली. तिच्या फोटोखालच्या चार ओळीही रुफीबायनंच लिहिल्या. ‘देवाच्या हाकेला ओ देणारी’ अशी सुरुवात होती, सासूनं सांगितलेली. मी टाईप करताना रुफीबाय समोरच्या खुर्चीत बसून नखं कुरतडत होती.

म्हणून ती वही तिला पुरी करायचीच होती. ते मेलेल्या बाईला दिलेलं वचन होतं.

गेल्या डिसेंबरात वही पुरी झाली. कोल्हापूरच्या एका प्रकाशकानं तिनं हातानं उतरवून पाठवलेली नमुन्याची तीन प्रकरणं वाचून कळवलं, ईस्टरपर्यंत सगळं टाईप करून पाठवा, छापू. ती पत्र घेऊन दुकानात आली तेव्हा तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. म्हणाली, रोज चार-पाच पानं आणून देते. आणि इथे मी माझं शहाणपण दाखवलं. म्हटलं, "सुटी पानां नको गो, माझ्या हडे सगळा मिसळता. लग्नसराय संपांदे, मगे सगळी वही एकदमच हाड." ती बरं म्हणाली. मोबाईलवर फोटो काढून ठेव, एवढी चार शब्दांची गोष्ट मला सुचली नाही. मी दिवसभर लोकांची आधार कार्डं स्कॅन करून देते आणि मला ही गोष्ट सुचली नाही.

वही ती कुठे ठेवायची? घरात एकच जागा अशी होती की जिथे कुणी हात घालत नव्हतं. आल्ताराखाली, म्हणजे घरच्या देवाच्या फळीखाली, एक लाकडी पेटी होती. दर वर्षी ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वाद घेतलेल्या माडाच्या झावळ्या घरी आणतात, त्यांचे क्रूस विणून दारावर लावतात. वाळल्या की त्या फेकायच्या नसतात, कारण त्या पवित्र झालेल्या असतात. फाटकी प्रार्थनेची पुस्तकं, तुटलेल्या जपमाळा, त्याही फेकत नाहीत. ते सगळं त्या पेटीत जायचं. तिच्या मते देवाच्या पेटीइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. ती मला म्हणाली होती, "थंयसर कोण हात लावता? देव राखता."

आता ह्या वस्तूंचं पुढे काय होतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात, ती ह्याच जुन्या झावळ्या जाळून केलेली असते. पण चर्चच्या आवारात माड आहेत, सांक्रिस्तांव म्हणजे चर्चची देखभाल करणारा बास्त्यांव आपल्याकडच्याच झावळ्या जाळायचा. घरोघरच्या पेट्या वर्षानुवर्षं तशाच. यंदा फेब्रुवारीत, राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी, नव्या फादरनी मिस्सानंतर सांगितलं की घराघरांतल्या जुन्या झावळ्या आणि फाटकी प्रार्थनेची पुस्तकं आणून द्या, सगळ्या वाडीची मिळून राख करू. चांगला विचार होता. रुफीबाय तेव्हा वसईला, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघून मंगळवारी सकाळी परत येणार होती.

सोमवारी सासूनं पेटी उघडली. तिला वाचता येत नाही. पानाच्या कोपऱ्यात क्रूस काढलेला दिसला, तिनं वहीचा मुका घेतला आणि ती झावळ्यांबरोबर पिशवीत भरली. पिशवी कायतान स्कूटरवर घेऊन गेला.

मंगळवारी रुफीबाय आली, सासूला हात-पाय धुवायला पाणी दिलं, जेवण केलं, आणि दोन वाजता पेटी उघडली. पेटी झाडूनपुसून स्वच्छ होती. ती तशीच अनवाणी चर्चकडे गेली. बास्त्यांव पत्र्याच्या डब्यातली राख चाळत होता. त्यानं बिचाऱ्यानं लपवलं नाही. म्हणाला, "एक हातान लिवलेली वही होती, बाये. माका वायच वेगळी दिसली म्हणान मी कायतानाक दाखवलंय. ही पण? म्हटलंय. तेणां उघडल्यान, उभ्या उभ्या दोन-तीन पानां वाचल्यान. मगे म्हणालो, ती पण."

नवऱ्याला तिनं विचारलं का? विचारलं. तो संध्याकाळी कारखान्यावरून आला तेव्हा. तो चिडला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाला, "लुईजा माझी भयण. घरची धुणी चव्हाट्यार घालूची नसतत. आणि जाळली ती खंय वायट जागेर नाय. देवाच्या कामाक गेली." मग सात वाजता त्यानं दिवा लावला आणि नेहमीप्रमाणे तिला तेर्स सुरू करायला सांगितलं. तिनं सुरू केली.

हे सगळं मला बुधवारी कळलं. यंदा त्यांचा उपवासकाळ आणि आमचा रमजान लागोपाठच आले. मी सेहरी-इफ्तारची वेळापत्रकं छापत होते. सकाळी आठ वाजता ती सरळ चर्चमधून दुकानात आली. कपाळावर राखेचा क्रूस. चेहरा धुतलेला होता, पण कपाळ सोडून. तिनं शांतपणे, बाजारभाव सांगावेत तसं, सगळं सांगितलं. सकाळी चर्चमध्ये ती राखेच्या रांगेत उभी होती. माणूस मातीचा आणि मातीलाच मिळायचा, असं म्हणून फादरनी अंगठा टेकवला. आमच्यातही कबरीत मातीची मूठ टाकताना तेच सांगतात, म्हणून मला ते नवं नव्हतं.

"मी मागे वळान बघलंय," ती म्हणाली. "सासू, कायतान, सगळी वाडी. माझां पुस्तक निघालां, मुनिरा. अख्ख्या गावाच्या कपाळार. आणि एकानव वाचूक नाय."

मला रडू आलं नाही, संताप आला. कायतानचा आला, सासूचा आला, त्या भल्या फादरचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या बाईचा, जी म्हणाली होती लग्नसराई संपू दे, मग सगळी वही एकदम आण. मी म्हटलं, "परत लिव. तीन प्रकरणां कोल्हापुराक आसत. माका तोंडान सांग, मी टाईप करतंय. आजपासून." ती म्हणाली, "लुईजाबाय परत सांगूक येतली?" मग पिशवीत हात घालत, "आणि माका आता दुपारची झोप येता गो."

तिनं पिशवीतून एक कागद काढला. उपवासकाळात दर शुक्रवारी येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना म्हणत निघतात, त्या क्रूसाच्या वाटेचा कार्यक्रम. वाडीवाडीचे दिवस, वेळा, आणि वर सुरुवातीला आठ ओळींचं निवेदन, तिनं त्या मंगळवारीच लिहिलेलं. कधी लिहिलं असेल? तेर्स आणि जेवण ह्यांच्यामध्ये. आजच हवं होतं. अक्षर नेहमीसारखंच गोल, एकही खाडाखोड नाही. आठ ओळी इतक्या चांगल्या होत्या की मला त्या फाडाव्याशा वाटल्या. खाली: कायतान आल्मेडा, सचिव.

मी टाईप केलं. त्याच्या नावाच्या वर एक ओळ माझ्या मनानं घातली. ‘लेखन: रुफिना आल्मेडा’. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी ते नाव टाईप केलं, आणि ‘रुफिना’ हा शब्द माझ्या कम्प्युटरला माहीत नव्हता, त्यानं खाली लाल रेघ ओढली.

ती काउंटरला वळसा घालून आत आली. खुर्चीमागून वाकली आणि एका बोटानं ती ओळ शेवटाकडून पुसत गेली, एकेक अक्षर. "माका त्या घरात रवाचा आसा," म्हणाली. वाकल्यामुळे कपाळावरची थोडी राख कीबोर्डवर पडली. मी सवयीनं फडकं उचललं आणि परत ठेवलं.

"प्रती किती?" मी विचारलं.

"दोनशे. प्रत्येक घराक एक."

मी दोनशे काढून दिल्या.