ओपलच्या काट्यावर तेरावे

गुरुवारी सकाळी सहा वाजता ओपल टिडमोर नेलच्या कॅफेत शिरली, तेव्हा आतलं भांडण आधीच रंगात आलं होतं. खिडकीजवळच्या लांब टेबलावर रॉस्को न्हावी पावासारख्या मऊ बिस्किटावरची ग्रेव्ही थंड करत उभ्यानेच बोलत होता.

"बाद फेरीत बारा संघ. अकरा ठरले. जागा उरली एक आणि दारात उभे दोघं, आपण आणि लेकमाँट. आपण अकरा सामने जिंकलो, एक हरलो. ते दहा जिंकले, दोन हरले. हे गणित कुठल्या शाळेत उलटं सुटतं, ते मला कोणीतरी सांगा."

"टीव्हीवाल्यांच्या शाळेत," लमार गँट म्हणाला. तो कापूस पिकवायचा, आता नुसता पिकवलेल्या आठवणी विकायचा.

"लेकमाँट मोठं शहर आहे. तिथे टीव्ही किती, आणि आपल्या काहोलात किती? निवड समिती रविवारी दुपारी नावं सांगेल, पण ती ठरवणार कोण? जे आठवडाभर पडद्यावर बडबडतात ते," लमारने पुढे जोडलं.

"नुसतं तोंडाने काय बोलता," ओपल खुर्ची ओढत म्हणाली. तिने पर्समधून एक स्टॉपवॉच आणि एक वही काढली. नेल कॉफीचं भांडं हातात धरून तिथेच थांबली.

"सोमवारपासून काल रात्रीच्या बातम्यांपर्यंत," ओपलने वाचलं, "लेकमाँटवर चोपन्न मिनिटं. आपल्यावर चार मिनिटं दहा सेकंद. त्यातले चाळीस सेकंद बगळ्याचा पोशाख घालून नाचणाऱ्या पोरावर."

"बघा," रॉस्को म्हणाला आणि समाधानाने खाली बसला. अन्याय मोजून मिळाला की माणसाला जेवण गोड लागतं.

काहोला कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ म्हणजे बगळे. नदीकाठचं हे गाव वर्षातले आठ महिने झोपल्यासारखं असतं आणि चार महिने लांबट चेंडू काखेत घेऊन पळणाऱ्या पोरांच्या मागे जीव तोडून धावत असतं. गेल्या चाळीस वर्षांत बगळे कधीच इतके वर आले नव्हते. यंदा मुलांनी मान उंच केली होती आणि अख्खं गाव तीच मान ताणून बसलं होतं.

या सगळ्यात ओपलच्या वहीला एवढी किंमत का, हे समजायला तिचा काटा समजायला हवा. ती एकतीस वर्षं गावाच्या जिनिंगवर वजनकाट्यावर होती. कापसाने भरलेली गाडी काट्यावर यायची, ओपल वजन लिहायची. गाडी रिकामी होऊन परत यायची, ओपल पुन्हा लिहायची. दोन्हींमधला फरक म्हणजे कापूस. यात एक जुनी लबाडी होती. भरलेल्या गाडीच्या वेळी शेतकरी स्टिअरिंगमागे बसून राहायचा, आणि रिकामी तोलताना हळूच उतरून सिगारेट पेटवायला जायचा. मग त्याच्या पोटाचंही वजन कापसात जमा. ओपल खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायची, "काट्यावरून खाली उतर." तिने हे सर्वांत जास्त वेळा लमारला ओरडून सांगितलं होतं. लमार अंगाने थोराड होता आणि सवयीने आशावादी.

नवरा गेल्यावर आणि नोकरी सुटल्यावर तिच्याकडे काटा उरला नव्हता, म्हणून तिने फुटबॉल तोलायला घेतला. प्रत्येक संघाचा प्रत्येक सामना वहीत यायचा. किती गुणांनी जिंकले, समोरचा किती दमाचा होता, आणि सामना कोणाच्या मैदानावर झाला. घरच्या मैदानावर खेळलं की तीन गुण वजा. घरची माणसं आरडाओरडा करतात, पाहुण्यांना ऐकू येत नाही, त्याचा फायदा होतोच. शेवटी भागाकार. निघालेला आकडा म्हणजे त्या संघाचं खरं वजन.

दर हंगामाच्या शेवटी, शुक्रवारी संध्याकाळी, गार्लंड प्यूच्या रेडिओ कार्यक्रमात ती आपली यादी वाचायची. मागच्या वर्षी समितीने वगळलेला एक संघ तिच्या यादीत होता, आणि त्याच संघाने पुढे वर्षअखेरच्या सामन्यात समितीच्या लाडक्यांना धुतलं. तेव्हापासून गावात म्हण पडली होती की समिती चुकते, मिस ओपलचा काटा चुकत नाही. यंदा तर नेलने चादरीएवढं कापड आणून त्यावर निळ्या रंगात लिहूनही ठेवलं होतं, "ओपलच्या काट्यावर बारावे." फक्त शुक्रवारी ते टांगायचं बाकी होतं.

"आकडा काय म्हणतो?" नेलने निघताना विचारलं.

"आपण अडतीस पूर्णांक चार. लेकमाँट सदतीस पूर्णांक दोन. आज दुपारी एकदा पडताळते, झालं."

"पडताळायचं काय त्यात, हनी. देवाने बारावी जागा आपल्यासाठीच ठेवली आहे."

दुपारी ओपल स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही पसरून बसली. लमार पिकानची पिशवी घेऊन आला आणि समोर बसून अक्रोडासारखी ती फळं फोडू लागला. काहोलात मैदानावर टाळ्या वाजवत नाहीत. कॉफीच्या रिकाम्या डब्यात कवचासकट पिकान भरतात आणि समोरच्या संघाची खेळी सुरू होताना ते डबे हलवतात. ओपलचा डबा गावात सर्वांत मोठा होता.

"या पिकानने आपल्याला शेवटचा सामना जिंकून दिला," लमार म्हणाला. "पाहिलंस ना? त्यांचा पोरगा खुणेचा शब्द ओरडत होता आणि त्याच्या शेजारच्याला ऐकू जात नव्हता. तीनदा ते वेळेआधी सुटले. तीनदा पंचाने मागे ढकललं. अठरा हजार डबे, ओपल. दुसऱ्या कोणाच्या मैदानावर असलं होत नाही."

ओपलची पेन्सिल थांबली.

"काय झालं?"

ती वहीची पानं मागे उलटू लागली. बगळ्यांचं पान. घरच्या मैदानावर सात सामने. वजाबाकीच्या रकान्यात सात शून्यं. मागच्या वर्षीच्या वहीत शून्यं. त्याच्या आधीच्या वहीत शून्यं. मग तिला आठवलं. बारा वर्षांपूर्वी पहिली वही आखताना तिनेच ठरवलं होतं की आपलं मैदान लहान, अठरा हजार माणसं ती काय आवाज करणार, आपल्याला कसले आलेत तीन गुण. तेव्हा आपला संघ विसाव्या-तिसाव्या क्रमांकावर असायचा, कोणाला फरक पडत नव्हता. त्यानंतर ती दर शनिवारी तो डबा खांदा दुखेपर्यंत हलवत होती आणि दर रविवारी वहीत शून्य लिहीत होती.

"सात त्रिक एकवीस," ती पुटपुटली. "भागिले बारा सामने. पावणेदोन." तिने वजाबाकी दोनदा केली. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं. छत्तीस पूर्णांक पासष्ट.

लमारने मान वाकवून आकडा पाहिला. त्याच्या हातातलं पिकान तसंच राहिलं. "म्हणजे लेकमाँट पुढे?"

"अर्ध्या गुणाने."

"अर्ध्या गुणाच्या वजनाने तर माझ्या गाडीचं दारही हलत नाही." तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "ओपल, हे बघ. वही तुझी. रकाना तुझा. शून्य कोणी पाहिलंय? तू आणि मी. उद्या बारावे म्हण. समितीला तुझी यादी कुठे वाचायची आहे? गावाला मात्र ऐकायची आहे."

"लमार, मी तुला काट्यावरून किती वेळा उतरवलं?"

"मोजलं नाही."

"मी मोजलंय. दोनशे चौदा. आणि बारा वर्षं मी स्वतः डबा घेऊन काट्यावर उभी आहे." ती हसली, पण कान लाल झाले होते. "टीव्हीवाल्यांना मी पक्षपाती म्हणते. त्यांचा पक्षपात निदान दिसतो तरी."

"नेलने कापड रंगवलंय," लमार अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"ठाऊक आहे."

शुक्रवारी पाच वाजता काहोलातलं प्रत्येक दुकान रेडिओ लावून बसलं होतं. रॉस्कोने एका गिऱ्हाइकाची अर्धी हजामत तशीच सोडली होती. स्टुडिओत ओपल माइकपुढे वही उघडून बसली होती. गार्लंड प्यूने पहिल्या अकरा नावांना मधेमधे ढोल वाजवला. मग म्हणाला, "आणि आता, मिस ओपल, बारावं नाव. ऐकायच्या आधीच मी टोपी उडवू का?"

"टोपी राहू दे, गार्लंड. बारावे लेकमाँट. आपण तेरावे."

रेडिओवर शांतता असू नये, हा त्या धंद्याचा पहिला नियम. गार्लंड प्यू तो नऊ सेकंद विसरला. ओपलने आपली चूक सांगितली, सात शून्यं सांगितली, पिकानचे डबे सांगितले, एकवीस भागिले बारा सांगितलं. मग फोन सुरू झाले.

"मिस ओपल, लेकमाँटवाल्यांनी तुम्हाला काय पाठवलं, नवा टीव्ही?"

"मॅडम, मी तुम्हाला आजीसारखं मानतो, पण आजीसुद्धा कधीतरी खोटं बोलते."

रॉस्कोने दुकानातूनच फोन केला. "तुम्ही आमचंच वजन चोरलंत."

"नाही रॉस्को," ती म्हणाली, "चोरलेलं परत केलं."

घरी जाताना ती कॅफेवरून गेली. कापड टांगलेलं नव्हतं. नेल काचेआड टेबल पुसत होती. तिने हात हलवला नाही.

शनिवारी सकाळी ओपलने सवयीने टीव्ही लावला आणि स्टॉपवॉच हातात घेतलं. पहिल्याच वाहिनीवर तिचा स्वतःचा आवाज आला. "टोपी राहू दे, गार्लंड." रेडिओवाल्यांनी तो तुकडा इंटरनेटवर टाकला होता आणि रात्रीतून तो देशभर फिरला होता. स्वतःच्या संघाला बाहेर काढणारी बाई. मग निवेदक बगळ्यांविषयी बोलू लागले. हे मैदान कुठे आहे, डबे कसले, अकरा विजय म्हणजे चेष्टा आहे का. दुसऱ्या वाहिनीवरही तेच. ओपल दिवसभर स्टॉपवॉचचं बटण दाबत राहिली.

रविवारी चर्चचे पाद्री ब्रदर हायरम यांनी प्रवचन सव्वाअकराला संपवलं. चर्चच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, आणि शेवटच्या प्रार्थनेत त्यांनी कोणासाठी काय मागितलं ते सर्वांना ठाऊक होतं. मागच्या सभागृहात तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग मांडलेलं होतं, पण ताटाला कोणी हात लावला नव्हता. टीव्हीपुढे दोनशे माणसं. ओपल मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली, तेव्हा लमार येऊन तिच्यात बसला.

अकरा नावं झाली. पडद्यावर बारावा चौकोन फिरला आणि त्यातून निळा बगळा बाहेर आला.

पुढे काय झालं ते कोणालाच नीट सांगता येत नाही. पुडिंग जमिनीवर कसं गेलं, ब्रदर हायरमला खांद्यावर कोणी घेतलं, रॉस्को कोणाच्या गळ्यात पडून रडला. ओपलने आपला डबा कोटाखाली लपवून आणला होता, आणि तो आता तिच्या डोक्यावर असा खडखडत होता की जवळच्यांनी कान झाकले. ती दोन्ही पायांवर उड्या मारत होती. गुडघ्यांनी सोमवारी हिशेब मागितला, तो वेगळा.

"मिस ओपल," रॉस्को डोळे पुसत आला, "आता कबूल करा, तुमचा काटा चुकला."

"काटा बरोबर आहे. समिती चुकली."

"पण आपण आत आलो."

"आलो की. चुकून आलो. काय सुंदर चूक आहे."

सोमवारी पाच वाजता तिने स्वतः गार्लंडला फोन लावला. "मला तक्रार करायची आहे. शुक्रवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत टीव्हीवर लेकमाँट एकोणीस मिनिटं. बगळे एक्काहत्तर. हा उघड पक्षपात आहे. लेकमाँटच्या पोरांवर अन्याय झाला."

"मिस ओपल, तुमच्याच तुकड्यामुळे..."

"तेच सांगते. मी काट्यावरून उतरले आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा चढले. काल दुपारी लमारने खिडकीतून मला ओरडून सांगितलं, काट्यावरून खाली उतर. एवढी वर्षं तो याचीच वाट पाहत होता."

"मग पहिल्या फेरीचा सामना बघायला तुम्ही जाणार नाही?"

"बस पहाटे पाचला सुटते, मी साडेचारला उभी असेन. सामन्याच्या गावी बर्फ आहे म्हणे. डब्याला लोकरीची टोपी विणते आहे, थंडीत पत्र्याचा आवाज बसतो."

निघायच्या पहाटे बस चर्चपुढे उभी होती. बसच्या कडेला नेलचं कापड बांधलेलं होतं. "बारावे" हा शब्द तिने रंगाने बुजवला होता आणि वर नवीन लिहिलं होतं, "ओपलच्या काट्यावर तेरावे." नेल दारातच उभी होती. तिने बिस्किटांचं गरम पुडकं ओपलच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चढ लवकर, हनी. आणि ते शून्य पुन्हा लिहू नकोस."

"हा सामना बाहेरच्या मैदानावर आहे," ओपल म्हणाली. "इथे शून्यच लिहायचं असतं."