हिरव्या पाटीची गाडी

साखरशेत पाड्यातली मुलगी सासरी निघाली की दारात लहान्याची जीप लागायची. ही रीत कुणी ठरवली नव्हती. आधी पाड्यात गाडी एकच होती म्हणून, आणि पुढे सवयच पडली म्हणून. निघताना मुलीचा बाप जीपच्या पुढच्या चाकाशी नारळ फोडायचा, लहान्याच्या डोक्यावर टोपी ठेवायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा. मग लहान्या अशा थाटात स्टेअरिंगवर बसायचा की नवरदेव नक्की कोण, असा परक्या माणसाला प्रश्न पडावा.

माणूस तसा वाईट नव्हता. कुणाच्या घरी दुखणं असलं तर अर्ध्या जेवणावरून उठून जव्हारच्या दवाखान्यात घेऊन जायचा. पण एक खोड उपजत होती. लहानपणी आई भाकरी वाढायची तेव्हा हा आधी भावाच्या ताटात बघायचा आणि मग आपल्या. पन्नाशी आली तरी नजर ताटाबाहेरच. दुसऱ्याच्या शेतातला भात आधी निसवला तरी याच्या पोटात दुखायचं, मग स्वतःचा कितीही पिकलेला असो.

आणि अशा माणसाच्या शेजारीच चंदाची गाडी आली.

चंदा म्हणजे शेजारच्या पंकजची बायको. गेली कित्येक वर्षं ती लहान्याच्या जीपमध्ये मागच्या फाळक्याजवळ बसून मोगऱ्याची टोपली जव्हारला नेत होती. कळ्या पहाटे खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि मुंबईची गाडी सुटायच्या आत पोचवायच्या. लहान्या म्हणेल तेव्हा निघायचं, लहान्या थांबेल तिथं थांबायचं. बाईने कधी तक्रार केली नाही. मग बचत गटाच्या बायकांनी कसल्याशा योजनेत अर्ज केला, चंदा ठाण्याकडे जाऊन गाडी चालवायला शिकून आली, आणि एका दुपारी पाड्यात विजेवर चालणारी तीनचाकी रिक्षा शिरली. आवाज नाही, धूर नाही. ओट्यावर झोपलेलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. पुढे हिरवी पाटी आणि तिच्यावर पिवळ्या अक्षरांत नंबर.

ती हिरवी पाटी लहान्याच्या डोळ्यांत गेली ती गेलीच.

जव्हारला हरिभाऊंचं टायरचं दुकान आहे, आणि बाजूलाच गाड्यांचा धूर तपासून दाखला द्यायचं यंत्र. लहान्या दाखला काढायला गेला तेव्हा हरिभाऊंनी जीपच्या मागे नळी घातली आणि खोकत खोकत विचारलं, "काय रे, तुमच्या पाड्यात बॅटरीची गाडी आली म्हणतात?"

"आली हाय. तिचा धूर नाय तपासत तुमी?"

"असेल तर तपासू ना. तिला हे काही लागत नाही."

"मंग परमिट?"

"तेही नाही. विजेच्या गाडीला परवान्याची अट काढून टाकली आहे सरकारने. वाहन करही माफ."

परवान्यासाठी लहान्याने किती खेटे घातले होते, कुणाकुणाच्या पाया पडला होता, ते त्याचं त्याला माहीत. त्यात जीप जुनी झाली म्हणून दर पासिंगला पर्यावरण कर वेगळा. म्हणजे गाडी म्हातारी झाली की मालकाने दंड भरायचा. असा न्याय माणसांना लावला तर पाड्यातली निम्मी म्हातारी माणसं दंडातच जातील, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

"सरकारला धूर नको झालाय लहान्या," हरिभाऊ म्हणाले. "जो धूर काढील त्याच्याकडून घ्यायचं, आणि जो काढणार नाही त्याला सवलत द्यायची. सरळ हिशेब आहे."

"म्हंजे माझ्याकडून घेतात ना चंदाला देतात."

"तसं म्हण हवं तर. अरे, तूही दे ही जीप भंगारात. भंगाराचा दाखला मिळतो, त्यावर नव्या गाडीच्या करात सूट आहे."

हरिभाऊ भल्यासाठीच सांगत होते. पण ज्या जीपमधून गावाच्या लेकी सासरी गेल्या तिला भंगार म्हटलेलं लहान्याच्या काळजाला लागलं. तो दाखला खिशात कोंबून निघाला. वाटेत त्याच्या डोक्यात एकच पक्कं झालं, की चंदाची रिक्षा विजेवर नाही, आपल्या पैशावर चालते.

तेव्हापासून हा चंदाला पाण्यात पाहू लागला. ती सकाळी टोपल्या घेऊन निघाली की याच्या हातातला चहा गार व्हायचा. तिच्या रिक्षात कोण बसलं, कोण उतरलं, कोण हसत उतरलं, यावर याचा डोळा. जीपच्या फाळक्यापाशी सायलेन्सरच्या धगीने कळ्या वाटेतच उमलायच्या. आता मोगरा मिटलेला पोचतो म्हणून व्यापारी खूश आहे, असं चंदाने सहज सांगितलं, तर याला वाटलं की आपल्याला टोमणा मारला. मग याने गावभर सुरू केलं. पावसात त्या गाडीच्या सीटला करंट येतो. घाटात ती मागे घसरते. बॅटरी गरोदर बाईला चालत नाही. चंदा घाट चढून दाखवायची, आणि गरोदर बाया तिच्याच रिक्षातून तपासणीला जायच्या. लहान्याच्या तोंडाचा पट्टा मात्र थांबायचा नाही.

बायको एकदा म्हणाली, "तुला गाडी पाहिजे का तिची गाडी नको पाहिजे, ते एकदा सांग."

खरं तर याला दोन्ही पाहिजे होतं.

अशात वैशाखात सपनाचं लग्न ठरलं. सपना म्हणजे लहान्याची भाची, त्याची बहीण येसू हिची एकुलती एक मुलगी. येसूला गावातच दिली होती, त्यामुळे सपना मामाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. नवरा मुलगा मोखाड्याच्या अलीकडच्या एका पाड्यातला. लहान्याने जीप धुऊन काढली, पुढच्या सीटला नवं रेक्झिन लावलं, आरशाला झेंडूच्या माळा बांधायच्या म्हणून तारा वळवून ठेवल्या. गावच्या सगळ्या मुली पोचवल्या त्या परक्यांच्या होत्या. ही आपली होती. त्या सगळ्या फेऱ्या जणू या एका फेरीसाठीच केल्या, असं त्याला वाटत होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी येसू घरी आली आणि दारातच घुटमळत उभी राहिली.

"दादा, राग नको धरूस. सपना चंदाच्या रिक्षातून जाते बोलते."

"का?"

येसूच्या मागून सपनाच पुढे आली. "मामा, तुला माहीत हाय ना, मला तुझी गाडी लागते. डिझेलचा वास आला का पोटात ढवळते. नव्या लुगड्यावर उलटी झाली तर सासरी काय बोलतील?"

हे खरंच होतं. आश्रमशाळेत सोडायला जाताना दर खेपेला घाटाच्या दुसऱ्या वळणावर जीप थांबवावी लागायची. लहान्या स्वतः तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि बाटलीतलं पाणी द्यायचा. पोरगी रास्त बोलत होती, हे त्याला कळत होतं. पण मत्सर झालेल्या माणसाला रास्त गोष्ट जास्त झोंबते. चंदाने मोगरा नेला, पाशिंजर नेले, ते एक वेळ सोसलं असतं. आता ती भाची न्यायला निघाली होती.

"जा ना," तो म्हणाला. "मी वऱ्हाड आणतो मागून." आणि गोठ्यात जाऊन बसला.

लग्नाच्या दिवशी चंदाने सकाळी मोगरा पोचवला, मग जव्हारहून मंडपाची भांडी आणली आणि रिक्षा आपल्या ओट्याशी चार्जिंगला लावून ती वाढायला मंडपात गेली. संध्याकाळपर्यंत बॅटरीचं पोट भरलं की गाडी मोखाड्याकडे जायला तयार, असा तिचा अंदाज. मंडपात जनरेटरवर बेंजो वाजत होता. अख्खा पाडा तिकडे होता.

लहान्या अक्षता पडेपर्यंत मामा म्हणून भाचीच्या मागे उभा राहिला. मग पाणी प्यायचं म्हणून घराकडे आला. चंदाच्या ओट्यावरून काळी वायर रिक्षापर्यंत गेली होती. रिक्षात एक बारका हिरवा दिवा लुकलुकत होता. तो पाहून लहान्याला काय झालं ते देव जाणे. त्याने इकडे तिकडे पाहिलं, ओट्यावर चढला आणि बटण बंद केलं.

दिवा विझला. त्याला फार बरं वाटलं.

जेवणं उरकेपर्यंत तो मंडपात सगळ्यांशी गोड बोलत हिंडला. पंकजला आग्रहाने दुसऱ्यांदा भात वाढला. पाठवणीच्या आधी तो पुन्हा घराकडे आला आणि बटण होतं तसं चालू करून ठेवलं. चोरी करणाऱ्याला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्यापाशी होती.

चंदाने येऊन रिक्षाला माळा बांधल्या, चावी फिरवली आणि ती बघतच राहिली. "अगं बाई, चार्जिंग झालीच नाय. लाईट गेलेली काय रं दुपारी?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. बेंजो जनरेटरवर होता, मंडपातले पंखेही. लाईट गेली असेल, असं सगळेच म्हणाले, कारण साखरशेतात लाईट जाण्याला पुरावा लागत नाही.

"एवढ्यावर मी जव्हारच्या पुढं नाय जायची," चंदा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "लहान्यादादा, तुलाच न्यायला लागेल. माझ्यामुळं घोटाळा झाला बघ."

तिने आपल्या हातांनी स्वतःच्या रिक्षाच्या माळा सोडल्या आणि जीपच्या आरशाला बांधल्या. नारळ फुटला. सपनाच्या बापाने टोपी ठेवली, टॉवेल टाकला. लहान्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तरी त्याला चंदाकडे बघवेना.

सपना पुढे खिडकीशी बसली, मधे नवरा मुलगा, मागे गाणाऱ्या बाया. नवरा मुलगा रात्रभर जागलेला, जव्हार सुटताच पेंगायला लागला. लहान्याने त्या दिवशी गाडी जपून चालवली. चढावर गिअर दामटला नाही. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायची, ही त्या घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांची डिझेल वाचवायची सवय. ब्रेक दगडासारखे होतात, पण हात बसलेला असतो. आज लहान्याने प्रत्येक उतारावर चावी बंद केली ती डिझेलसाठी नाही, पोरीला वास येऊ नये म्हणून.

मोखाड्याकडचा मोठा उतार लागला. इंजिन बंद झालं आणि जीपमध्ये एरवी कधी ऐकू येत नाही अशी शांतता झाली. मागच्या बाया गाणं आठवत होत्या. सपना खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "मामा, बटान तूच बंद केलंस ना?"

लहान्याने आरशातून मागच्या बायांकडे पाहिलं.

"मी कपडे बदलायला आमच्या घरामधी गेलेली. कुडाच्या भोकातून चंदामावशीचा ओटा दिसतो. तू चढलास, ते बघितलं मी."

"मंग बोलली का नायस?" लहान्याने विचारलं.

"माझ्या लग्नात माझ्या मामाला चार लोकांनी नावं ठेवायची का?" ती म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मला बोलायचं ना मामा. सपना, तू माझ्याच गाडीतून चल, एवढंच बोलायचं. पिशवी हातात धरून बसली असती मी. तू बोललास, जा."

लहान्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. चंदाने त्याच्याकडून काही नेलंच नव्हतं. पोरगी त्याची होती, तशी ती अजूनही होती, आणि त्याने तिला एक शब्द विचारायच्या ऐवजी चोरून आणली होती.

उतार संपला. आता चावी फिरवायला हवी होती, पण त्याने ती फिरवलीच नाही. जीप हळू होत होत रस्त्याच्या मधोमध थांबली.

"काय झालं गं? बंद पडली काय?" मागून एक बाई म्हणाली. दुसरी हसली. "जुनी झाली बाई. चंदाची असती तर पोचलो असतो."

"बंद नाय पडली," सपना मागे वळून म्हणाली. "मला ढवळत होतं म्हणून मीच थांबवाय सांगितली."

बायांनी पाण्याची बाटली पुढे दिली. सपनाने उगाच एक घोट घेतला आणि बाटली मामाच्या हातात दिली. लहान्याही प्यायला. मग त्याने चावी फिरवली. जीप खोकली, काळा धूर खिडकीतून आत आला, आणि सपनाने काही न बोलता पदर नाकाला लावला.