गुरुवारी माणूस येणार

हसायचं तर हसा बाबांनो, पण आधी हातातले कप खाली ठेवा. कारण मी जी माती खाल्ली ना, ती ऐकताना चहा नाकातून येतो.

आता बघा, माझी ही उंची, ह्या मिशा. तरुणपणी कबड्डीत कोपरा सांभाळायचो. पेणच्या बाजारात माझ्याशी कोणी आवाज चढवत नाय. पण फोनवर? फोनवर मी ससा! समोरचा दिसत नाय ना, म्हणून भीती वाटते.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आमच्याकडे नुकताच फोन लागला होता. मी नागोठण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून दुपारी मेल्यासारखा झोपलेला, आणि हा वाजला.

"अभिनंदन सर!" पलीकडे मुलीचा आवाज. कसला गोड म्हणून सांगू! "मोबाईलसाठी आमच्या कंपनीने तुमची निवड केलीय."

निवड! माझी! अहो, सुलभाने, म्हणजे आमच्या हिने, मला पसंत केलं ते सुद्धा वडिलांनी डोळे वटारले म्हणून. इथे आख्खी कंपनी मला निवडते!

"वर्षाचा करार चालेल ना सर?"

"हो."

"घरच्या पत्त्यावर पाठवू ना?"

"हो हो."

फोन ठेवला आणि पुन्हा घोरायला लागलो. उठल्यावर वाटलं, स्वप्न पडलं असणार.

स्वप्न कसलं? चार दिवसांनी कुरिअरवाला हजर! हातात पेटी टेकवली, सही घेतली, आणि मी तोंड उघडायच्या आत सायकलवर टांग मारून पसार. पेटीत मोबाईल. केवढा? वरवंट्याएवढा! आणि पेणमध्ये तेव्हा रेंज कुठली हो? गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीवर चढलो, मोबाईल धरून हात वर केला. शेजारचे नाना खालून ओरडले, "काय रे दत्तू, कावळे हाकवतोस काय?"

गुपचूप पेटीत भरून ठेवून दिला. पण बिल? त्याला रेंज लागत नाय! ते बरोबर घरी आलं.

धीर करून कंपनीला फोन लावला. म्हटलं, त्या गोड मुलीला समजावून सांगू. पण उचलला कोणी? विहिरीतून बोलल्यासारख्या आवाजाच्या एका बाप्याने.

"करार झालाय. होकार तुम्हीच दिलाय."

"अहो पण साहेब, इथं लागतच नाय ओ!"

"गुरुवारी आमचा माणूस येईल. घरीच थांबा." टक्. फोन बंद.

माणूस येईल! हे दोन शब्द ऐकले आणि तडक शेजारी गेलो. नानांना सांगितलं, तर त्यांनी आणखी तेल ओतलं. "अरे, हे वसुलीवाले असतात. आधी गोड बोलतात, पाणी मागतात. मग टीव्ही उचलतात. पनवेलला एकाची गादी नेली, तो तिच्यावर झोपलेला असताना!"

"अहो, सरळ सांगा ना त्याला, नको म्हणून," सुलभा म्हणाली. "खातोय काय तो तुम्हाला?"

बायकांना काय कळतं हो? बुधवारी रात्रभर डोळ्याला डोळा नाय. गुरुवारी सकाळी ही पाण्याला गेलेली बघून पेटी पिशवीत कोंबली आणि स्टेशन गाठलं. रोह्याला माझी मोठी बहीण असते, तिच्याकडे दिवस काढायचा, असा बेत. म्हटलं, माणूस आला तर ना मी सापडणार, ना वस्तू!

गाडीत बसलो आणि समोर बघतो तर काय! सफारी सूट, काळी चामडी बॅग, जाड भिंगाचा चष्मा. तो गृहस्थ माझ्याकडेच बघतोय! मी खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा वळलो, तर बघतोच आहे!

"रोह्याला का?" त्याने विचारलं.

आवाज कसा? विहिरीतला! तोच!

"नाय, नाय, कुठंच नाय," मी म्हटलं. आता चालत्या गाडीत बसलेला माणूस कुठंच जात नाय, असं होतं का कधी? पण सुचेल तर शप्पथ.

रोह्याला उडी मारून उतरलो. रिक्षा केली नाय, गल्लीबोळातून निघालो. वळून बघतो, तर सफारी मागे! मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. शेवटी मिशा, पिशवी सांभाळत पळत सुटलो आणि ताईच्या घरात शिरून कडी घातली.

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "कडी कसली घालतोस मेल्या? पाहुणे येणार हायत!"

माझं कुठं लक्ष! तेवढ्यात कडी वाजली. ताईने पुढे होऊन दार उघडलं. दारात सफारी!

"या या, बसा," ताई म्हणाली. "हे शिफ्टवरून येतीलच इतक्यात. हा माझा भाऊ, पेणचा. दत्तू, बस यांच्यापाशी." आणि गेली पोहे परतायला. ताईचं काय, ती मीटर बघायला येणाऱ्यालाही पोहे देते.

सफारीने घाम पुसला. "पत्ता विचारायचा होता, तर तुम्ही पळतच सुटलात! जरा पाणी मिळेल का?"

पाणी! नाना म्हणाले होते तस्संच! माझी नजर ताईच्या टीव्हीवर गेली. बिचारीने हौसेने नुकताच घेतलेला. मी जाऊन टीव्हीच्या पुढ्यातच उभा राहिलो.

तो हसून म्हणाला, "तुमच्याकडून होकार आला, तेव्हा म्हटलं, समक्ष येऊन पुढचं ठरवावं."

"साहेब, होकार चुकून गेला ओ!" मी हातच जोडले. "मी झोपेत होतो!"

"झोपेत?" त्याचा चष्मा खाली घसरला. "अहो, पण ताईंनी तर..."

"ताईला यातलं काय पण माहीत नाय! तिला यात ओढू नका!"

"कमाल झाली! आमचा मुलगा तिकडे किती आनंदात आहे..."

"तुमच्या मुलाचं नाव काढू नका! हातात वस्तू टेकवतो, सही घेतो आणि सायकलवरून पळून जातो!"

"कोण? आमचा सुधीर?" तो ताडकन उठला. "तो शिक्षक आहे!"

आता हाणतो, असं वाटलं मला. डोळे मिटले, पिशवीतून पेटी काढली आणि त्याच्या छातीशी धरली. "ही घ्या. हात पण लावलेला नाय. घ्या आणि आम्हाला सोडा!"

त्याने पेटी उघडली. मोबाईल बघितला. त्याचा चेहरा असा लालबुंद झाला की विचारू नका.

"हुंडा? मला हुंडा देता? चाळीतल्या पोरांना फुकट शिकवत आयुष्य काढलं मी! असल्या घरात सोयरीक नको आम्हाला!"

सोयरीक? हा शब्द वसुलीवाल्याच्या तोंडी कसा?

दारात ताई पोह्यांची बशी घेऊन उभी. तिच्यामागे माझी भाची वैशाली, नवी साडी नेसलेली, डोळ्यांत पाणी. आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ताईने मागे कळवलेलं पनवेलचं स्थळ! मुलाचे वडील! अरे देवा, मी भाचीचं ठरलेलं लग्न मोडत होतो!

बसलो मग जमिनीवरच. सगळं सांगितलं, अगदी निवड झाल्यापासून. सुधीरचे वडील, तेही मास्तरच, ऐकत होते. कपाळावरची आठी जाईना. शेवटी वैशालीच पुढे झाली. "मामा फोनला घाबरतो ओ," ती रडत रडत म्हणाली, "पण मनाने चांगला हाय."

मास्तरांनी चष्मा नीट केला. मग म्हणाले, "होकार कोणाचा धरायचा? झोपलेल्या मामाचा की जागी असलेल्या मुलीचा?" आणि पोह्यांची बशी पुढे ओढली. ताईने पदराने डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला.

म्हटलं, आता घरी कळवावं. समोरच्या बूथवरून सुलभाला फोन लावला. "काय गो, आला होता काय माणूस?"

"आला होता. काडीसारखा पोरगा. दोन कप चहा प्यायला. म्हणाला, पेणला रेंज नाय हे साहेबांना पटलं, करार रद्द केलाय, बिल माफ. फक्त पेटी परत द्या."

"मग? दिलीस ना?"

"कुठली देऊ? तुम्ही पळवलीत ना ती! बसला बिचारा दुपारपर्यंत. मग वहीत काय लिहून घेतलं त्याने, माहीत हाय?"

"काय?"

"ग्राहक वस्तू घेऊन फरार!"