कानामागचा चट्टा

शेंद्र्याच्या इंजेक्शनच्या कंपनीत कामाला लागले तेव्हा मी नुकतीच बीएस्सी झाले होते, आणि निर्जंतुक म्हणजे काय हे मला पाठ होतं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या एका बाईंच्या हाताखाली मला दिलं होतं. सगळे त्यांना ताईच म्हणायचे. करमाडच्या. शिक्षण दहावी, पण बाटल्या भरण्याच्या खोलीत त्यांचा शब्द शेवटचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "स्वच्छ अन् निर्जंतुक, यात फरक काय गं?"

मी पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"स्वच्छ डोळ्याला दिसतं. निर्जंतुक दिसत नाय. त्यात एकसुद्धा जिवंत जंतू नको. थोडं निर्जंतुक असं काही नसतंय, बाई. हाय, नायतर नाय."

मग म्हणाल्या, "वाईट खाल्लं तर पोट झगडतं, उलटून टाकतं. सुई थेट रक्तात जाते. तिथं अडवायला कोण बसलंय? अन् सुई घेणारा आधीच आजारानं अर्धा झालेला असतो."

आत जायचं तर बांगड्या, टिकली, पावडर, सगळं बाहेर. अंघोळ करून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा, दोन-दोन हातमोजे. आत चालायचं ते पाण्यात चालल्यासारखं, सावकाश. आपल्या कातडीचा भुसा सारखा झडत असतो आणि त्यावर जंतू बसलेले असतात, हे मला ताईंमुळं खरं कळलं. पुस्तकात ते एका ओळीत होतं. आतून बाहेर पडताना आम्ही बोटांची टोकं एका थाळीतल्या खळीसारख्या घट्ट थरावर टेकवायचो; त्यावर जंतू वाढतात. ती थाळी उबेत ठेवायची, आणि हातावर काही असलंच तर काही दिवसांत त्याचे ठिपके उगवायचे.

"मग भरलेल्या बाटल्या तपासतातच की," मी एकदा म्हणाले.

"तपासायची तर बाटली फोडावी लागते. सगळ्या फोडल्या तर विकणार काय? थोड्या फोडतात. बाकीच्या आपल्या भरवशावर जातात."

आत बोलायचं नाही, म्हणून आमचं सगळं बोलणं कपडे बदलण्याच्या खोलीत. त्यांच्या मुलीच्या लग्नाची काळजी, माझ्या सासूचं दुखणं, डब्यातली भाजी. लग्नानंतर शहरात क्रांती चौकाजवळच्या सासरी मी एकटी पडले होते, आणि त्या वीस मिनिटांसाठी मी अख्खी सकाळ धावत असायचे. पाच वर्षं असं चाललं.

एका सोमवारी ताई केस बांधत असताना त्यांच्या कानामागं मला एक चट्टा दिसला. लालसर, वर पांढरा पापुद्रा. मग त्या पोशाख चढवू लागल्या. पापुद्रा सुटून खांद्यावर पडला. मी पाहिलं आणि माझ्या टोपीची नाडी बांधत राहिले.

ज्याची कातडी झडते त्यानं आत जायचं नाही, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता. मंगळवारीही मी गप्प राहिले. मनात एकच होतं, ताई आत नसतील तर मी कुणाबरोबर बोलू?

बुधवारी त्या पोशाख न घालता बाकावर बसल्या होत्या.

"काल रात्री पोरीनं बघितलं," त्या म्हणाल्या. "साहेबांना सांगून आले. तुला दिसलं होतं का?"

"व्हय," मी म्हणाले.

"कधी?"

"सोमवारी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझ्यासाठी गप्प बसलीस," त्या म्हणाल्या, "अन् सुई ज्याला टोचायची त्याचं काय? जा, तूही सांगून ये."

मी साहेबांकडं गेले. दोन दिवस उशीर केला, असं लिहून दिलं. साहेबांनी त्या दोन दिवसांचा माल अडकवून ठेवला. तपासणीला चौदा दिवस लागतात. ते चौदा दिवस मी जेवले, झोपले, पण कशी ते आठवत नाही. थाळ्यांवर काही उगवलं नाही, बाटल्याही ठीक निघाल्या. मला ताकीद मिळाली आणि महिनाभर पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं.

डॉक्टरांनी सांगितलं, ताईंचा आजार दुसऱ्याला लागणारा नाही, पण पूर्ण जाणाराही नाही. त्यांना पॅकिंगला बसवलं. त्यांची पाळी वेगळी, माझी वेगळी. कधी गेटवर भेट व्हायची. माझ्यावर राग धरला नव्हता त्यांनी, डब्यातली शेंगदाण्याची चटणी पहिल्यासारखीच हातावर ठेवायच्या. पण बस सुटायची घाई असायची. वर्षभरानं त्यांनी काम सोडलं आणि नाशिकला मुलीकडं गेल्या.

आता नव्या मुलींना मी शिकवते. चट्टा, सर्दी, बोटाला लागलेलं काही, दिसलं की त्याच क्षणी बोलते. मुलींना मी कडक वाटते. कपडे बदलण्याच्या खोलीत माझ्याशी कुणी डब्यातल्या भाजीबद्दल बोलत नाही, आणि ते मला समजतं.

ताईंना अधूनमधून फोन करते. त्या नातवाबद्दल बोलतात. कामाचा विषय कधी काढत नाहीत, म्हणून मीही काढत नाही. या उन्हाळ्यात मात्र अचानक म्हणाल्या, "बाहेरून एकदा ती खोली बघायला सोडतील का गं मला? लई आठवते."

मी दुसऱ्याच दिवशी साहेबांना विचारलं. बाहेरच्या काचेपर्यंत येऊ देतो म्हणाले. मी त्यांच्या नावाचा गेटचा पास काढला आणि लगेच ताईंना कळवलं. गुडघा दुखतोय, दिवाळीला करमाडला आले की येते, असं त्या म्हणाल्या. दिवाळी होऊन गेली. त्या आल्या नाहीत. पासाची मुदत मी वाढवून घेतलीय.